वाचणारे बाळ आणि विश्वास ठेवणारे घर

ग्लेन डोमन यांचे 'हाउ टू टीच युवर बेबी टू रीड' हे पुस्तक १९६४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मूल शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी, अगदी बोबडे बोलण्याच्या वयातही, घरी वाचायला शिकू शकते आणि ते शिकवायला आईइतके योग्य दुसरे कोणी नाही, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. आपल्याकडे ज्यांनी हे पुस्तक कधी हातात धरलेले नाही, त्यांच्या घरीही त्याची पद्धत पोहोचली आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या लाल अक्षरांत एक शब्द लिहायचा, तो बाळासमोर क्षणभर धरायचा, स्पष्ट आवाजात उच्चारायचा आणि पुढचा पुठ्ठा घ्यायचा. खेळण्यांच्या दुकानांत 'फ्लॅशकार्ड' म्हणून मिळणाऱ्या अनेक संचांमागे हीच कल्पना असते, मग पाकिटावर डोमन यांचे नाव असो वा नसो.

बालसंगोपनाच्या पुस्तकांची समीक्षा आपल्याकडे सहसा होत नाही. वाङ्मयाच्या चर्चेत त्यांना जागा नसते आणि शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात ती 'लोकप्रिय' म्हणून बाजूला पडतात. त्यामुळे घराघरांत सर्वांत निष्ठेने पाळली जाणारी पुस्तके सर्वांत कमी तपासली जातात. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला माणूस नाही. गेली वीसेक वर्षे बालशिक्षणावरची जुनी पुस्तके, अहवाल आणि अंकलिप्या जमवणे व वाचणे हा माझा उद्योग आहे. त्या वाचनाच्या आधाराने डोमन यांचे पुस्तक कोणाशी बोलते, 'वाचणे' या शब्दाचा काय अर्थ करते आणि त्याच्या दाव्याचे पुढे काय झाले, एवढे तीन प्रश्न मला येथे विचारायचे आहेत.

१. पुस्तकाचा काळ

पुस्तकाचे यश समजून घ्यायचे तर त्याने कोणाविरुद्ध बंड केले ते आधी पाहावे लागते. १९३१ मध्ये मेबल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न या दोघांनी इलिनॉय राज्यातील विनेट्का या गावच्या शाळांमधील मुलांची पाहणी करून एक निष्कर्ष काढला. मुलाचे मानसिक वय साडेसहा वर्षांचे झाले की वाचनाला सुरुवात करणे हितावह, असा तो निष्कर्ष होता. एका गावातल्या, एका विशिष्ट पद्धतीने शिकवल्या गेलेल्या मुलांवरून निघालेली ही गोष्ट पुढे अमेरिकेतल्या शिक्षकांच्या पाठ्यपुस्तकांत नियम होऊन बसली. तिला 'वाचनसिद्धते'चा सिद्धांत म्हणतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की पालकांनी या भानगडीत पडू नये. घरी काहीतरी शिकवून ठेवाल आणि शाळेत मुलाचा गोंधळ उडेल.

या अधिकारवाणीला पन्नाशीच्या दशकात तडे गेले. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक गाजले. अक्षरांचे ध्वनी न शिकवता अख्खे शब्द 'पाहा आणि म्हणा' या रीतीने पाठ करून घेतल्यामुळेच मुलांना वाचता येत नाही, असा त्यांचा आरोप होता. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपल्या शाळा मागे पडल्या, ही चिंता अमेरिकेत घरोघरी पोहोचली. अशा वेळी डोमन यांनी आईला सांगितले की तुम्हाला शाळेची वाट पाहायची गरज नाही. हे वाक्य ऐकायला लाखो घरे आतुर होती.

डोमन व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ होते. फिलाडेल्फियातील त्यांची संस्था मेंदूला इजा झालेल्या मुलांवर उपचार करी. पुस्तकाची सुरुवातही टॉमी नावाच्या अशाच एका मुलापासून होते. डॉक्टरांनी आशा सोडलेला हा मुलगा वडिलांच्या शिकवण्यातून वाचू लागतो. तेथून लेखक पुढचा प्रश्न टाकतो: मेंदूला इजा झालेले मूल वाचू शकते, तर मग धडधाकट मुलाचे काय बिघडले आहे? वक्तृत्व म्हणून हा प्रश्न बिनतोड आहे. पुरावा म्हणून मात्र तो फार दूर जात नाही, कारण एका मुलाची गोष्ट कितीही हृद्य असली तरी तिच्यावरून सगळ्या मुलांचा नियम बांधता येत नाही. शिवाय ज्या उपचारपद्धतीच्या अनुभवावर लेखकाचा अधिकार उभा आहे, तिच्यामागचा सिद्धांत आणि तिचे लाभ यांना पुरेसा आधार नसल्याचे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८, १९८२ आणि १९९९ अशा तीन वेळा जाहीर केले.

तरीही पुस्तकात खरे असलेले बरेच काही आहे. लहान मुलाची शिकण्याची भूक मोठ्यांना वाटते त्याहून खूप मोठी असते, हे डोमन यांनी ठामपणे मांडले. शिकवणे हा आनंदाचा प्रसंग असावा, मूल थकण्याआधी आपण थांबावे, त्याला येते की नाही हे सारखे तपासत बसू नये, हा त्यांचा सल्ला आजही सोन्यासारखा आहे. आपल्या बालवाड्यांतल्या कित्येक बाईंनी तो फळ्यावर लिहून ठेवावा. माझा आक्षेप या वृत्तीवर नाही. तो त्यांच्या 'वाचणे' या कल्पनेवर आहे.

२. काका, मामा आणि माका

बाळाला ऐकलेले शब्द कळतात आणि लिहिलेले कळत नाहीत, याचे डोमन यांनी दिलेले कारण फार साधे आहे: छापील अक्षरे लहान असतात. बाळाशी आपण मोठ्याने आणि स्पष्ट बोलतो म्हणून त्याला बोलणे कळते. तसेच मोठे आणि स्पष्ट लिहिले की त्याला लेखनही कळेल. टीव्हीवरच्या जाहिरातीत नाव मोठ्या अक्षरांत झळकते, त्याच वेळी ते उच्चारलेही जाते आणि मुले ते ओळखू लागतात, हा त्यांचा दाखला आहे. कान आणि डोळा या मेंदूकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, आणि एका वाटेने जे जाते ते दुसऱ्या वाटेनेही जाईल.

या तर्कात एक मोठी फट आहे. मूल बोलणे शिकते ते कोणीतरी मोठ्याने बोलते म्हणून नव्हे. भूक लागलेली असते, कोणीतरी कडेवर घेणारे असते, 'चिऊ कुठंय?' म्हणून विचारणारे असते, आणि आपण काढलेल्या आवाजाला उत्तर मिळते. बोलण्याचा हा व्यवहार माणसाच्या जातीइतका जुना आहे. लेखन त्या मानाने कालपरवाचे, काही हजार वर्षांपूर्वी माणसाने शोधून काढलेले एक तंत्र आहे. आवाजाला खुणा ठरवून दिलेल्या आहेत, ही त्यातली किल्ली प्रत्येक मुलाच्या हातात कोणीतरी ठेवावी लागते. खुणा मोठ्या केल्याने किल्ली मिळत नाही.

हे मराठीत तपासून पाहणे सोपे आहे. समजा, दीड-दोन वर्षांच्या मुलीला 'काका' आणि 'मामा' असे दोन पुठ्ठे ओळखता येतात. घरातले सगळे टाळ्या वाजवतात, कोणी चित्रफीत काढून नातेवाइकांना पाठवते. आता तिच्यासमोर तिसरा, कधीही न दाखवलेला पुठ्ठा धरावा: 'माका'. केसांच्या तेलात घालतात ती वनस्पती. तिने हा शब्द ऐकलेला नसला तरी चालेल. दोन्ही अक्षरे तिच्या ओळखीच्या पुठ्ठ्यांतली आहेत. तिने 'माका' असा उच्चार केला, तर लेखनाची किल्ली तिला मिळाली. ती गप्प राहिली किंवा 'मामा' म्हणाली, तर तिने पुठ्ठे ओळखले. जसे ती आजोबांचा चष्मा ओळखते, बिस्किटाच्या पुड्याचा रंग ओळखते. ही ओळख लहान गोष्ट नाही, कौतुकाचीच आहे. पण तिला वाचन म्हणता येत नाही. डोमन यांच्या पद्धतीची चौकट ओळखीचा शब्द पुन्हा ओळखण्याभोवती उभी आहे. हा 'माका' प्रश्न तिच्यात मध्यवर्ती कधी होत नाही.

गंमत अशी की फ्लेश यांनी १९५५ मध्ये ज्या 'पाहा आणि म्हणा' रीतीला शाळांतून हाकलून द्या म्हटले होते, तीच रीत नऊ वर्षांनी या पुस्तकाच्या दाराने बाळाच्या खोलीत आली. शाळेविरुद्ध बंड करणारे पुस्तक शाळेतली सर्वांत वादग्रस्त गोष्ट बरोबर घेऊन घरात शिरले.

इंग्रजीपुरते या रीतीचे थोडे समर्थन करता येते. 'वन' किंवा 'आय' या उच्चारांचे इंग्रजी शब्द अक्षरे जोडून वाचू गेले तर हाती काही लागत नाही. ते डोळ्यांनीच ओळखावे लागतात. देवनागरीत असे शब्द फार थोडे. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' निराळा उच्चारला जातो, 'घर'मधला शेवटचा स्वर आपण गिळतो, हे खरे. पण 'नाक' हे 'नाक'च लिहितात. आपली अडचण निराळी आहे. आपल्याकडे खुणांचे नाते ध्वनीशी जवळचे आहे, मात्र खुणा संख्येने पुष्कळ आहेत: व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, वर जोडाक्षरे. कन्नड लिपीही याच कुळातली. ती शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तेव्हा अक्षरांचा सगळा संच पक्का व्हायला प्राथमिक शाळेतली अनेक वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या लिपीत गुपित लवकर कळते पण खजिना मोठा असतो, त्या लिपीच्या मुलांना आपण न फोडता येणारे अख्खे शब्द पाठ करायला लावतो. मराठी शब्द लाल अक्षरांत छापून हे संच विकणाऱ्यांनी इंग्रजीच्या दुखण्यावरचे औषध मराठी मुलाला दिले आहे.

आपली साधी, दुकानाच्या दोरीला लटकणारी अंकलिपी या बाबतीत अधिक शहाणी होती. 'क कमळाचा' म्हणताना ती मुलाला शब्दाचा पहिला ध्वनी वेगळा काढून दाखवत असे. तिच्यात चित्रे ओबडधोबड, कागद हलका. पण तिची शिकवण मुलाला 'माका'च्या दिशेने नेत होती.

३. दाव्याचे पुढे काय झाले

डोमन यांच्यानंतर हीच कल्पना पुठ्ठ्यांवरून पडद्यावर आली. रॉबर्ट टिट्झर यांचा 'युवर बेबी कॅन रीड' हा चित्रफिती, पुठ्ठे आणि पुस्तकांचा संच अमेरिकेत सुमारे २०० डॉलरना विकला जाई. बाळ नऊ महिन्यांचे असताना वाचायला लागते, अशी त्याची जाहिरात असे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिरातींतले दावे खोटे आणि निराधार असल्याचा आरोप ठेवला. कंपनीविरुद्ध १८ कोटी ५० लाख डॉलरचा निवाडा झाला. हा आकडा जानेवारी २००८ पासूनच्या कंपनीच्या एकूण विक्रीइतका होता. कंपनी तोपर्यंत बंद पडलेली असल्याने त्यातला फार थोडा भाग वसूल होणार होता. पण चार-साडेचार वर्षांत किती घरांनी यावर पैसे खर्च केले, याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो.

खटला हा शास्त्रीय पुरावा नव्हे. तो दोन वर्षांनी आला. सुझन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशाच एका संचाची चाचणी प्रसिद्ध केली. नऊ ते अठरा महिन्यांची ११७ बाळे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाने सात महिने संच वापरला, दुसऱ्याने वापरला नाही. अक्षरओळख, शब्दओळख, शब्दसंग्रह, आकलन अशा १४ मापांवर दोन्ही गट तपासले. १३ मापांवर फरक आढळला नाही. चौदावे माप बाळांचे नव्हतेच, ते पालकांचे होते: आपले मूल वाचायला शिकत आहे असे तुम्हाला वाटते का? संच वापरणाऱ्या घरांचा विश्वास वाढलेला होता.

मला हा निष्कर्ष डोमन यांच्या पुस्तकाचीही सर्वांत नेमकी समीक्षा वाटतो. पुस्तकाच्या नावात बाळ आहे, पण ते बोलते पालकांशी, विशेषतः आईशी. वय जितके कमी तितके शिकणे सोपे, मेंदूची वाढ सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ संपते, तेव्हा वेळ थोडा आहे, असे ते तिला सांगते. तिच्या हाती एक काम देते, त्याला वेळापत्रक देते, आणि ती जे आतुरतेने पाहू इच्छिते ते तिला दिसेल अशी मांडणी करून ठेवते. बाळाला तपासू नका हा सल्ला मुलाच्या दृष्टीने चांगला आहे. त्याचा आणखी एक परिणाम असा की पद्धतही कधी तपासली जात नाही.

या सगळ्याची किंमत कोण देते? माझ्या ओळखीच्या एका घरी चौदा महिन्यांच्या बाळाची आई मला विचारत होती, "काका, आम्हाला उशीर तर नाही ना झाला?" मूल तिच्या मांडीवर बसून वर्तमानपत्राचा कोपरा चावत होते. तिची नोकरी होती, सासूबाई आजारी होत्या, आणि दिवसातून तीन वेळा पुठ्ठे दाखवणे जमत नाही याचा अपराधभाव तिच्या आवाजात होता. संच विकणारा पुठ्ठ्यांबरोबर ही धास्तीही विकतो, आणि तिची किंमत पाकिटावर छापलेली नसते.

उशिराबद्दल तिला काय सांगावे? न्यूझीलंडमध्ये काही मुले पाचव्या वर्षी वाचायला शिकू लागतात, तर श्टायनर शाळांतली मुले साधारण सातव्या वर्षी. सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की अकराव्या वर्षाच्या सुमारास उशिरा सुरुवात करणारी मुले पहिल्यांच्या बरोबरीला येतात. मग चौदाव्या महिन्यात उशीर होण्याचा प्रश्न कोठून येतो?

४. दुसरे पुस्तक

याचा अर्थ घरी लवकर वाचायला शिकलेली मुले नसतातच, असा कोणी काढू नये. ती असतात. त्यांच्याविषयीचे सर्वांत प्रामाणिक पुस्तक डोमन यांच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये आले. डोलोरेस डर्किन यांचे 'चिल्ड्रन हू रीड अर्ली' हे ते पुस्तक. त्याला खप मिळाला नाही, कारण त्यात पद्धत नव्हती, फक्त चौकशी होती.

डर्किन यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पहिलीत नुकत्याच आलेल्या ५,१०३ मुलांतून शाळेत शिकण्याआधीच वाचू शकणारी मुले शोधली. ती निघाली ४९. मग त्या या मुलांच्या घरी गेल्या, आईवडिलांशी बोलल्या आणि मुलांची पुढची काही वर्षे नोंद ठेवली. नंतर न्यूयॉर्कमध्येही त्यांनी असाच अभ्यास केला. ओकलंडची ही मुले सगळी श्रीमंतांची नव्हती, सगळी अलौकिक बुद्धीचीही नव्हती. त्यांचे बुद्ध्यंक ९१ ते १६१ असे पसरलेले होते. समान काय होते? घरात कोणीतरी त्यांना वाचून दाखवत होते. घरात पाटी-फळा होता. मुले प्रश्न विचारत, 'इथे काय लिहिलंय?', 'माझं नाव कसं लिहायचं?', आणि हातातले काम बाजूला ठेवून उत्तर देणारे कोणीतरी होते. पुष्कळांच्या बाबतीत हे कोणीतरी म्हणजे शाळा-शाळा खेळणारी थोरली बहीण. आणि बरीच मुले आधी लिहू लागली होती. रेघोट्या, मग अक्षरे, मग नावे, आणि त्यातून वाचन. डर्किन त्यांना कागद-पेन्सिलवाली मुले म्हणतात.

हे वाचताना मला आमची ताई आठवली. तिने मला आणि शेजारच्या दोघांना ओट्यावर बसवून गिरवायला लावले होते. तिच्या हातात पट्टी असे, पण मुख्य म्हणजे आम्हाला तिच्यासारखे व्हायचे होते. आमची आई चौथी शिकलेली. तिने मला काहीही 'शिकवले' नाही. मात्र वाण्याकडून आलेल्या पुडीच्या कागदावर काय छापले आहे असे विचारले, की ती चुलीजवळून उठून सांगत असे.

डर्किन यांच्या मुलांनी शाळेत आपली आघाडी टिकवली. सगेट यांच्या मुलांत ती मिटून गेली. मला यात विरोध दिसत नाही. शाळेने सर्वांना सरसकट लवकर शिकवणे ही एक गोष्ट, आणि ज्याला स्वतःहून हवे आहे त्याच्या प्रश्नाला घराने उत्तर देणे ही दुसरी. तसे घर मुलाला नंतरही उत्तरे देत राहते. म्हणून डर्किन यांच्या पुस्तकावरून 'लवकर शिकवा म्हणजे पुढे जाल' असेही म्हणता येत नाही. ती मुले आणि ती घरे निवडून आलेली होती. दोन्ही पुस्तके घरी शिकण्याबद्दलच आहेत. फरक असा की डोमन यांच्या पुस्तकात सुरुवात मोठे माणूस करते, डर्किन यांच्या पुस्तकात मूल करते.

पुठ्ठे मात्र डोमन यांच्याही फार आधीचे आहेत. जॉन स्टुअर्ट मिल यांना वडील जेम्स मिल यांनी तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतले, तेही ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहिलेल्या पत्त्यांवरून. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिल यांनी हे कृतज्ञतेने सांगितले आहे, आणि विसाव्या वर्षी आपल्याला कशातच रस उरला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे. त्यातून बाहेर पडायला त्यांना पुढे वर्डस्वर्थच्या कवितेचा आधार झाला. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढू नये, हे मी वर टॉमीबद्दल म्हटले ते येथेही लागू आहे. पण त्या आत्मचरित्रात वडील पानोपानी आहेत आणि आई जवळजवळ नाही, हे लक्षात राहते.

५. घर कोणाचे

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. 'घरी शिकवा' असे सांगणारे पुस्तक घराविषयी पुष्कळ काही गृहीत धरते: वाचता येणारी आई, तिच्याजवळ मोकळा वेळ, शांत खोली, आणि पुस्तकातली भाषा हीच घरातली भाषा. हे ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न एका बाईंनी फार आधी घेतला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरींच्या विचारावर चाललेल्या बालमंदिरात काम केले होते. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. गुरे राखणारी मुले तिथेही येईनात, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, बिया-पाने-शंखशिंपले यांचे खेळ हे आधी, आणि अक्षरे त्यांच्या मागून. साहित्य महागडे नको, आसपास मिळते तेच हवे, हा आग्रह.

डोमन यांनी शाळेतली एक गोष्ट घरात नेली. ताराबाईंनी घरातली पुष्कळशी गोष्ट, म्हणजे मांडी, गाणे, आंघोळ, बोलणे, ही शाळा करून अंगणात मांडली. माँटेसरींनी रोममध्ये १९०७ पासून पाहिले होते की बोटांनी खरखरीत अक्षरे गिरवणारी मुले आधी लिहितात आणि मग वाचतात. आणि लिहिलेल्यातून अर्थ मनात उतरल्याशिवाय त्या त्याला वाचन म्हणायला तयार नव्हत्या. डर्किन यांची मुले आणि रोमची मुले एकमेकांना साक्ष देतात. ताराबाईंनी हा विचार ज्या घरांत एकही पुस्तक नव्हते तेथपर्यंत नेला.

अर्थाचा मुद्दा निसटला तर काय होते, याचेही एक नाव आहे. १९६७ मध्ये सिल्बरबर्ग दांपत्याने 'हायपरलेक्सिया' ही संज्ञा वापरली, ती अशा मुलांसाठी की जी फार लहानपणी अस्खलित वाचतात, पण वाचलेल्याचे आकलन त्या मानाने खूप मागे असते. ती अवस्था पुठ्ठ्यांमुळे येते असे मुळीच नाही. पण तोंडाने वाचणे आणि समजणे या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात, एवढे तिच्यामुळे कळते. बाळ किती शब्द 'वाचते' हे मोजणाऱ्या घराने ते ध्यानात ठेवावे.

मग या पुस्तकाचे काय करायचे? ते रद्दीत घालावे असे मला वाटत नाही. मुलाच्या बुद्धीवरचा त्याचा विश्वास, आनंदाचा आग्रह आणि वेळेवर थांबण्याचा सल्ला ठेवावा. वेळ निघून चालल्याची भीती, शब्द म्हणजे चित्र ही समजूत आणि रोजचे वेळापत्रक सोडून द्यावे. ज्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डोमन यांच्या उपचारांबद्दल तीनदा हरकत घेतली, तिनेच २०१४ मध्ये पालकांना जन्मापासून मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले आहे. यात परस्परविरोध नाही. वाचून दाखवताना मूल मांडीवर असते, ते बोट दाखवते, पान उलटवते, मध्येच विचारते, आणि गोष्ट थांबवून आपण उत्तर देतो. तेथे वाचायला शिकवणे नसते, पण वाचन म्हणजे काय हे मुलाला दिसते.

त्या आईला मी हेच सांगितले. पुठ्ठे नाही जमले तर राहू द्या. तुम्ही पेपर वाचता तेव्हा त्याला मांडीवर घ्या, मोठ्याने वाचा, त्याने कोपरा खाल्ला तरी चालेल. पुढे कधीतरी तो एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारील. त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवता आले पाहिजे, एवढीच तयारी घराने करायची आहे. आणि ज्या घरात विचारले तरी सांगणारे कोणी नाही, तिथल्या मुलासाठी अंगणवाडीच्या बाईंना मोकळा वेळ, चांगला पगार आणि चार गोष्टीची पुस्तके मिळतात की नाही, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे. लाल अक्षरांचा एकही पुठ्ठा ते काम करू शकत नाही.